मालकाला आकडा सांगण्याआधी

प्रश्न असा आला आहे: "आम्ही दोघं नवरा-बायको नोकरी करतो. पहिलंच घर. कर्वेनगरमध्ये बावीस वर्षं जुन्या इमारतीत दोन बेडरूमचा फ्लॅट आवडला आहे. मालक ९२ लाख म्हणतात. एजंट म्हणतो, रविवारी दुसरी पार्टी येते आहे, आज एक लाख टोकन द्या, फ्लॅट तुमचा. आम्ही किती आकडा सांगावा? कमी सांगितलं तर मालक चिडतील का? आमच्या घरात याआधी कुणी शहरात घर घेतलेलं नाही."

आज एक लाख देऊ नका. रविवारी दुसरी पार्टी येणार असेल तर येऊ द्या.

मी गेली बावीस वर्षं पुण्यात घरांच्या खरेदी-विक्रीचे दस्त करते. पहिल्यांदा घर घेणारी माणसं माझ्याकडे येतात ती बहुतेक वेळा टोकन देऊन झाल्यावर, फोनमध्ये एक व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप घेऊन. त्यात लिहिलेलं असतं, 'टोकन मिळालं, धन्यवाद.' कशाचं टोकन, कोणत्या किमतीला, किती दिवसांत व्यवहार, नाही झाला तर पैशांचं काय, यातलं काहीही नसतं. तुम्ही आधी विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

मालकासमोर आपण जे ठेवतो त्यात पाच गोष्टी असतात: किती, कधी, कशा टप्प्यांनी, कोणत्या कागदांच्या भरवशावर, आणि जमलं नाही तर दिलेली रक्कम कुणाची. आकडा ही त्यातली एक. नुसता आकडा ठरवून पैसे दिले की उरलेल्या चार गोष्टी समोरचे ठरवतात, आणि आपले पैसे अडकलेले असल्यामुळे आपण मान डोलावत जातो. मी पाहिलेले बहुतेक बिघडलेले व्यवहार आकड्यावरून बिघडलेले नव्हते, या चार गोष्टींवरून बिघडले होते.

आता आकडा. तो मालकाच्या ९२ पासून खाली मोजत जाऊ नका. तुमच्या खिशापासून वर मोजत या.

समजा व्यवहार ८५ लाखांना झाला. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे ६८ लाख. (कर्ज ७५ लाखांच्या वर गेलं की हीच मर्यादा ७५ टक्क्यांवर येते.) उरलेले १७ लाख तुमचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च या किमतीत धरत नाहीत, तो वेगळा. पुणे शहरात मुद्रांक शुल्क, स्थानिक आणि मेट्रोचा अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ९५ हजार. नोंदणी फी ३० हजार. एजंटाचे एक टक्का धरले तर ८५ हजार. सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे फ्लॅट नव्या नावावर करण्यासाठी सोसायटी घेते ती रक्कम, जी महानगरपालिका हद्दीत २५ हजारांच्या वर घेता येत नाही. वकील, बँकेची प्रक्रिया फी, गहाणखताचं शुल्क. सगळं मिळून तुमच्या खात्यात साधारण २५ लाख तयार हवेत, आणि रंग, किचन ओटा, सामान हलवणं अजून यात नाही. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी ६८ लाखांचा हप्ता साधारण ५९ हजार येतो. हे दोन आकडे, २५ लाख आणि ५९ हजार, रात्री दोघांनी बसून कागदावर लिहा. ते झेपत नसतील तर ८५ ही तुमची किंमत नाही, मालक कितीही गोड बोलोत.

घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, इथे ८५ हजार वाचतात. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही. एजंट हे सांगेलच. माझं मत विचाराल तर मालकी कुणाची हा निर्णय ८५ हजारांसाठी करू नका. दोघं हप्ते भरणार असाल तर दोघांची नावं दस्तावर असावीत.

एक सापळा इथेच सांगते. ८० टक्के कशाचे? बँक तुमचा ठरलेला भाव आणि तिच्या मूल्यांककाने काढलेली किंमत, यांपैकी कमी असेल ती धरते. मूल्यांककाने ८० लाख लिहिले तर कर्ज ६४ लाख. वरचे चार लाख तुम्हाला आणखी उभे करावे लागतील. म्हणून घर बघायला बाहेर पडण्याआधीच बँकेकडून उत्पन्नावर आधारित मंजुरीपत्र घेऊन ठेवा. ते हातात असलं की मालकाला दिसतं की ही माणसं खरोखर घेणारी आहेत. पुष्कळ मालक वर्ष-वर्ष बघ्यांना चहा पाजून कंटाळलेले असतात. मंजुरीपत्र असलेल्या ग्राहकाला ते दोन लाख कमी घेऊनही देतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

मग या फ्लॅटची खरी किंमत किती? वेबसाइटवरच्या जाहिरातींत जे दिसतं ती मालकांची इच्छा असते. झालेले व्यवहार दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले असतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर 'ई-सर्च' आहे. गाव, सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर आणि वर्ष टाकलं की त्या जागेवरच्या दस्तांची सूची क्रमांक दोन, म्हणजे आपण ज्याला इंडेक्स टू म्हणतो ती, बघता येते. त्यात मोबदला असतो, क्षेत्रफळ असतं, तारीख असते. एक संध्याकाळ जाते, पण आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या खरेदीसाठी एक संध्याकाळ द्यायलाच हवी. शेजारच्या तीन-चार इमारतींचे गेल्या वर्ष-दीड वर्षातले दस्त काढा.

तुलना करताना क्षेत्रफळ एकाच मापात आणा, इथे भलेभले चुकतात. मालक '९५० चा फ्लॅट' म्हणतात तेव्हा ते बहुधा जिना, लॉबी धरून सांगितलेलं विक्रीयोग्य क्षेत्र असतं. जुन्या करारात बिल्टअप लिहिलेलं असतं. तुम्हाला हवं ते कार्पेट, घराच्या आत चटई अंथरता येईल तेवढं. करार चौरस मीटरमध्ये असतो, त्याला १०.७६४ ने गुणा. समजा ते ६३.२ चौरस मीटर, म्हणजे ६८० चौरस फूट निघालं. ९२ लाख भागिले ६८०, साडेतेरा हजारांच्या वर भाव झाला. आणि शेजारच्या तशाच इमारतीत ६४० कार्पेटचा फ्लॅट ८१ लाखांना नोंदलेला दिसला, तर तिथला भाव साडेबारा हजारांच्या थोडा वर. त्या भावाने तुमचा फ्लॅट ८६ लाखांचा. हे आकडे हिशोबाची पद्धत कळावी म्हणून घेतले आहेत, तुमचे दस्त काढून तुमचे आकडे घाला. पण या उदाहरणात मी सुरुवात ८२ ने केली असती आणि ८६ ला थांबले असते.

जुन्या इमारतीत 'रिडेव्हलपमेंट येतंय' म्हणून भाव चढवून सांगतात. कोथरूड-कर्वेनगर भागात हे वाक्य आता प्रत्येक फ्लॅटबरोबर ऐकू येतं. विचारा: सर्वसाधारण सभेचा ठराव झालाय का, विकसक नेमलाय का, विकसन करारनामा नोंदलाय का? तो नोंदलेला असेल तर जास्त पैसे मोजण्यात अर्थ आहे. नुसती चर्चा असेल तर तिचे पैसे देऊ नका. पार्किंगचंही तसंच. मोकळ्या जागेतलं किंवा स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखाली खांबांमधलं पार्किंग बिल्डरला स्वतंत्र वस्तू म्हणून विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलं आहे. मालक 'पार्किंगचे वेगळे तीन लाख' म्हणाले तर सोसायटीने ती जागा त्यांना कोणत्या कागदाने दिली आहे ते बघायला मागा.

भाव खूप खाली ओढण्यालाही एक तळ आहे, आणि तो नव्या लोकांना माहीत नसतो. सरकारी बाजारमूल्य, रेडी रेकनर या सरकारी दरतक्त्यानुसार निघणारं, तुमच्या खरेदीच्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त असेल तर तो फरक आयकर खातं तुमचं उत्पन्न धरतं. ८५ लाखांचा व्यवहार आणि सरकारी मूल्य ९५ लाख, तर वरचे दहा लाख तुमच्या त्या वर्षाच्या उत्पन्नात मिळवले जातील. मुद्रांक शुल्कही दोन्हींपैकी जास्त रकमेवर लागतं. जुन्या इमारतींना वयाप्रमाणे घसारा मिळतो, त्यामुळे सहसा अडचण येत नाही, पण बोलणीला बसण्याआधी मूल्यांकन काढून घ्या.

आता माणसं. मालक का विकताहेत हे कळल्याशिवाय बोलणी सुरू करू नका. काही वर्षांपूर्वी माझ्याकडचं एक तरुण जोडपं एरंडवण्यातला फ्लॅट बघत होतं. मालक निवृत्त शिक्षक, पत्नीला गुडघ्यांमुळे जिने चढवेनात. नाशिकला मुलीजवळ जायचं ठरलं होतं, पण तिथल्या घराचा ताबा मिळायला पाच महिने होते. दुसऱ्या ग्राहकाने त्यांना दोन लाख जास्त देऊ केले होते, अट एकच, दीड महिन्यात घर रिकामं. आमच्या जोडप्याने सांगितलं, काका, दस्त आणि पैसे ठरल्या दिवशी होतील, पण तुम्ही पाच महिने इथेच राहा, भाडं नको, मेंटेनन्स तेवढा भरा. ताबा देईपर्यंत काही रक्कम राखून ठेवायचं ठरलं आणि तसा करार केला. व्यवहार आमच्या जोडप्याशी झाला. त्या काकूंना त्या वयात दोनदा सामान हलवावं लागलं नाही, आणि यांचे दोन लाख वाचले. मालकाला कधी पैशांची घाई असते, कधी वेळ हवा असतो, कधी मुलाची फी भरायची असते, कधी पाडव्याला नव्या घरात पूजा घालायची असते. ज्याला जे हवं आहे ते तुम्हाला स्वस्तात देता येत असेल तर आधी ते द्या.

मालक चिडतील का, असं तुम्ही विचारलंत. कमी आकड्याने माणसं फार चिडत नाहीत. त्यांच्या घराला नावं ठेवली की चिडतात. ज्या घरात त्यांनी मुलं वाढवली तिथल्या फरशीला, ओट्याला, बाथरूमला नावं ठेवून भाव पाडायला जाऊ नका. "घर आम्हाला आवडलंय. शेजारचे हे दोन दस्त आम्ही बघितले, त्या हिशोबाने आणि आमच्या कर्जाच्या हिशोबाने आम्ही ८२ पर्यंत येऊ शकतो" एवढं बोला आणि गप्प बसा. ती शांतता पहिल्यांदा फार अवघड वाटते. ती भरून काढायला स्वतःच आकडा वाढवू नका. मामा, सासरे, ऑफिसातले सर, ज्यांना न्यायचं त्यांना न्या, पण आकडा कोण बोलणार हे घरून ठरवून जा. पाच माणसं पाच आकडे बोलली की मालक सगळ्यात वरचा धरून ठेवतात.

एजंट बहुतेक वेळा दोघांना भावावर समोरासमोर बसू देत नाही. बसण्याचा आग्रह धरा. एजंट वाईट असतो असं मी म्हणत नाही. चांगला एजंट सोसायटीच्या सेक्रेटरीपासून बँकेच्या माणसापर्यंत सगळं जुळवून आणतो आणि त्याचा टक्का कमावतो. पण व्यवहार झाला तरच त्याला पैसे मिळतात, त्यामुळे त्याला तो आज व्हायला हवा असतो. ती त्याची घाई आहे, तुमची नाही.

पैसे देण्याआधी काय बघायचं? निदान एवढे कागद, झेरॉक्स किंवा फोटो चालतील: मालकांचा नोंदणीकृत करार आणि इंडेक्स टू, त्याआधीच्या खरेदीची साखळी, सोसायटी असेल तर भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट), अपार्टमेंट असेल तर डीड ऑफ अपार्टमेंट (पुण्यात दोन्ही प्रकार सर्रास आहेत, बाहेरून इमारत सारखीच दिसते), इमारतीचं पूर्णत्वाचं किंवा भोगवटा प्रमाणपत्र, मिळकतकराची ताजी पावती. मालक हे दाखवायला का-कू करत असतील तर तिथेच थांबा. आणि दस्तावर जेवढी नावं आहेत तेवढी सगळी माणसं विकायला तयार आहेत ना, हे त्यांच्या तोंडून ऐका.

हे शेवटचं मी एका वाईट अनुभवातून सांगते. एका शिक्षिकेने तीन भावंडांना वडिलांकडून आलेल्या फ्लॅटसाठी थोरल्या भावाला दोन लाख दिले. वडील वारलेले, सोसायटीत नॉमिनी म्हणून थोरल्याचं नाव. नॉमिनी म्हणजे मालक, असं दोघांनाही प्रामाणिकपणे वाटत होतं. तसं नसतं. वारस तिघं होते, आणि परदेशातल्या बहिणीला विकायचंच नव्हतं. फसवणूक कुणीच केली नव्हती. तरीही दोन लाख परत मिळायला अकरा महिने गेले, कारण पावतीवर परतीबद्दल एक शब्द नव्हता आणि थोरल्याने ते पैसे खर्चून टाकले होते. त्या मधल्या काळात तिने हेरून ठेवलेले दुसरे दोन फ्लॅट विकले गेले.

मालकांचं स्वतःचं कर्ज चालू असेल तर घाबरू नका, हे नेहमीचं आहे. मूळ कागद त्यांच्या बँकेत असतात. बाकी किती आहे याचं पत्र आणि कोणते कागद बँकेकडे आहेत याची यादी मागा. तुमची बँक थेट त्यांच्या कर्जखात्यात रक्कम भरते. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं बँकांना १ डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक आहे, उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. हे दिवस तुमच्या वेळापत्रकात धरा.

मालक अनिवासी भारतीय आहेत का, हेही आत्ताच विचारा. निवासी मालक असतील आणि किंमत ५० लाख किंवा वर असेल तर मोबदल्यातून एक टक्का टीडीएस कापून तुम्हाला तो सरकारकडे भरावा लागतो, ज्या महिन्यात कापला तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत. तो किमतीतूनच जातो, वर द्यायचा नाही. पण बोलणीत सांगितलं नाही तर शेवटच्या चेकच्या वेळी मालकांना वाटतं की यांनी ८५ हजार कापले. अनिवासी मालकाच्या बाबतीत कपात बरीच जास्त असते. तिथे सीए गाठल्याशिवाय तारीख कबूल करू नका.

'थोडे रोख द्या' हा प्रस्ताव आला तर नाही म्हणा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, ही कायद्याची बाजू. तुमची बाजू अशी की दस्तावरची किंमत कमी झाली की कर्ज कमी मिळतं, आणि व्यवहार फिसकटला तर ती रोख दिल्याचा पुरावा तुमच्याकडे नसतो.

तोंडी आकडा जमला की मगच पैसे, आणि तेही विसारपावती करून, म्हणजे आगाऊ रकमेची अटींसह लेखी पावती करून. मुहूर्ताचा आग्रह असेल तर त्या दिवशी ११ किंवा २१ हजारांचा चेक द्या, मोठी रक्कम कागद तपासल्यावर. विसारपावतीवर सगळ्या मालकांच्या सह्या, फ्लॅटचं वर्णन, पूर्ण किंमत, टप्पे, साठेखत (पुढे खरेदी करण्याचा करार) किती दिवसांत, ताबा कधी, हस्तांतरणाचा खर्च कुणाचा, आणि कपाट, गॅस पाइप, इन्व्हर्टर यातलं काय मागे राहणार, हे असू द्या. आणि पुढचा मजकूर जशाचा तसा घाला ('लिहून घेणार' म्हणजे तुम्ही, 'लिहून देणार' म्हणजे मालक):

"सदर सदनिकेचा मालकी हक्क निर्वेध व विक्रीयोग्य नसल्याचे लिहून घेणार यांच्या वकिलांच्या तपासणीत आढळल्यास, किंवा सदर मिळकतीच्या कागदपत्रांच्या कारणावरून लिहून घेणार यांचे गृहकर्ज नामंजूर झाल्यास, लिहून देणार यांनी विसाराची संपूर्ण रक्कम सात दिवसांचे आत परत करावयाची आहे. तसेच लिहून देणार यांनी साठेखतासाठी ठरलेल्या मुदतीत सदनिका अन्य कोणासही विकण्याचा व्यवहार करावयाचा नाही."

पहिल्या वाक्यामुळे तुमचे पैसे सुरक्षित होतात. दुसऱ्यामुळे रविवारच्या पार्टीचा प्रश्न मिटतो. उलट बाजूनेही न्याय ठेवा: तुम्ही विनाकारण मागे हटलात तर किती रक्कम जाईल, हेही लिहा. मालकही त्या काळात घर अडवून ठेवणार आहेत. त्यानंतर वकील तीस वर्षांचा शोध अहवाल काढतील आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवतील. हे सगळं व्हायला तीन ते चार आठवडे लागतात, म्हणून साठेखताला ४५ दिवस मागा.

तर उद्या एजंटाला फोन करा. म्हणा, आम्हाला घर घ्यायचंय, मंजुरीपत्र या आठवड्यात हातात येईल, आज करार आणि इंडेक्स टूचे फोटो पाठवा, शनिवारी संध्याकाळी मालक आणि त्यांच्या मिसेस दोघांनाही भेटू. कागद आले नाहीत तर शनिवारी जाऊ नका. आले तर त्याच रात्री ई-सर्च उघडा. शनिवारी आकडा सांगून, गरज पडली तर तुम्ही ठरवलेल्या वरच्या मर्यादेपर्यंत जाऊन या, आणि मालक त्याहून वर अडले तर "बुधवारपर्यंत आमचा आकडा कायम आहे" असं सांगून उठा. रविवारी त्या दुसऱ्या पार्टीने घेतलाच फ्लॅट, तर सोमवारी मला त्याच गल्लीतल्या पुढच्या फ्लॅटचा इंडेक्स टू पाठवा, बघून सांगते.